ताक्यानबाईचं स्वप्न

५ जून, बुद्ध संवत २५६६

तॅन,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण. तू फोन उचलत नाहीस. क्वार्टरचं दार वाजवलं की आत पंखा फिरत असतो आणि तू नसतेस. म्हणून सनेहनं युक्ती काढली. चाळीस वर्षं टपाल वाटलेला माणूस, युक्त्यांना काय तोटा! म्हणाला, "याय सिनुआन, घरी धाडलेलं पत्र नात फाडून टाकेल. कचेरीत धाडा. खिडकीवर शिक्का बसला, आवक वहीत नंबर चढला, की बागांच्या मुख्य अधिकाऱ्याला, म्हणजे तिला, ते ठेवून घ्यावंच लागतं."

तर घे. तुझ्या यायचं, म्हणजे तुझ्या आईच्या आईचं, विसरली असशील तर, सरकारी पत्र. मी बोलते आहे, तो लिहितो आहे.

बातमी तुला माझ्याआधी कळलीच असेल. परवाच्या वाऱ्यात बागेतल्या ताक्यानच्या झाडाची फांदी पडली, ती थेट लामदुआनच्या हारांच्या टेबलावर. बिचारीचा उजवा खांदा मोडला. वाराच तसा होता. इतर झाडांच्याही फांद्या पडल्या असतील. सनेह म्हणतो, बागेत दुसऱ्या एकाही झाडाची पडली नाही. त्याला कुणी विचारलं होतं?

मार्चमधलं तू अजून धरून बसली आहेस. झाडाभोवती तू कुंपण घालायला निघालीस, झाडात राहणाऱ्या ताक्यानबाईला नेसवलेली अकरा वर्षांची कापडं सोडवायला माणसं आणलीस, आणि लोकांनी मला उचलून रिक्षात घातलं, झाडापाशी आणून हातात माइक दिला. मी म्हटलं, "बाई म्हणते, कापडाला हात लावू नका." तुझीच माणसं तुला हसली. तू तारेची वेटोळी परत ट्रकमध्ये भरलीस. मी तरी काय करणार होते? अकरा वर्षांपूर्वी बाईचं स्वप्न मला पडलेलं. ताक्यानबाई माझ्याशी बोलते असं सगळं गाव समजतं. ट्रकमध्ये चढताना तू हळूच विचारलंस, "याय, बोलते का गं ती खरंच?" मी उत्तर दिलं नाही. मला कानानं कमी ऐकू येतं.

आता ऐकते की नगराध्यक्षांना वीस जुलैला बाईचा वस्त्रोत्सव करायचाय. पाच जिल्ह्यांतली माणसं येणार, झाडाखाली मांडव पडणार, आणि "झाड धडधाकट आहे" अशा कागदावर तुझी सही हवी. तू करणार आहेस का सही? एवढंच विचारायचं होतं. बाकीचं सगळं निमित्त.

जेवत जा. तॅन म्हणजे गांधीलमाशी, हे नाव मीच ठेवलं, पण कंबरही तिच्यासारखी करायची असा काही नियम नव्हता.

तुझी याय

(याय सिनुआन यांना न वाचून दाखवता लिहितो: त्या रोज सकाळी बागेत जाऊन झाडूच्या दांड्यानं ताक्यानला ठोकतात आणि कान लावतात. कान त्यांचे उत्तम आहेत. विचारलं तर म्हणतात, बाईला उठवते आहे. — सनेह, निवृत्त पोस्टमन)

१७ जून २५६६

तॅन,

उत्तर नाही, पण पोच आली. आवक क्रमांक ८७. नातीनं आजीला नंबर दिला, वा! तुमच्या खिडकीवरची ती जाड चष्म्याची बाई पत्रं उघडून वाचते आणि मग साऱ्या कचेरीला वाचून दाखवते, हे सनेहनं मला आधी सांगितलं नव्हतं. "नियम आहे," म्हणाला. तर बाई गं चष्मेवाले, तुलाही माझा नमस्कार. हे पत्र जरा सावकाश वाच, यात विनोद कमी आहेत.

त्या ८७चं पुढं काय झालं ठाऊक आहे? काल लॉटरीची सोडत होती. यायला कागदावर आकडा आला म्हणजे बाईनंच पाठवला, असं समजून अर्ध्या बाजारानं ८७ची तिकिटं घेतली. लागला नाही, बुद्धाची कृपा. लागला असता तर तुझ्या आवक वहीलाच कुणीतरी कापड नेसवलं असतं.

परवा लामदुआनला बघायला इस्पितळात गेले. खांद्यात सळी घातली आहे. हात छातीशी बांधलेला. मला बघून रडायला लागली. मला वाटलं, दुखतंय. तर म्हणते, "याय, तुम्हीच बाईला विचारा. माझ्यावर का रागावली? मी दोनदा कालचे हार पाणी मारून ताजे म्हणून विकले. पण दोनदाच हो." मी म्हटलं, "वेडी आहेस." ती म्हणाली, "नाही, तुम्ही विचाराच. मी बरी झाले की माफी मागेन." परत येताना रिक्षात मला बसवेना.

एक गोष्ट सांगते. झाड पोकळ आहे. एक्केचाळीस वर्षं त्या बागेत झाडू मारला. पहाटेच्या पाळीला आम्ही सगळ्याजणी येताजाता खोडांना दांडा मारायचो, साप असेल तर सरकावा म्हणून. झाड भरलेलं असलं की दांडा टक करून उसळतो. दोन पावसाळ्यांमागं ताक्याननं टक करायचं सोडलं. कापडाचे थर आहेत म्हणून तसा आवाज येत असेल, अशी मी माझी समजूत घातली. मग वाकून मुळाशी, कापडाच्या खाली ठोकलं. तिथंही तेच. मार्चमध्ये हातात माइक घेतला तेव्हा मला हे ठाऊक होतं.

लिही रे, थांबू नकोस. सनेह थांबला आहे.

तो विचारतो, "मग बाईनं तुम्हाला सांगितलं कसं नाही?"

मी म्हटलं, "नाही सांगितलं."

"मग आज तुम्ही तिला विचारा. कापड काढू का, फांद्या उतरवू का, म्हणून. ती स्वप्नात हो म्हणाली, की गावात एकाचाही आवाज निघणार नाही. नातीचं काम होईल, झाडही वाचेल."

हे तो चेष्टेनं म्हणत नाही. सहा वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा यानं बाईला पिवळं रेशीम बांधलं होतं. बायको अजून रोज त्याच्याशी भांडते.

मघाशी तो पाणी आणायला आत गेला. तेवढ्यात मला जे तुला सांगायचं होतं, ते मी भिंतीला सांगून टाकलं. अक्षर न येणाऱ्याची हीच गोची. भिंतीनं काही लिहून घेतलं नाही.

तुझी याय

२८ जून २५६६

तॅन,

चष्मेवाली बाई काल बाजारात भेटली. कांद्याची पात निवडता निवडता म्हणाली, "मॅडमनी सही केली नाही अजून. अध्यक्षांनी दोन कागद समोर ठेवलेत, झाडाचा आणि बदलीचा. दोन्हींतल्या एकावर सही पाहिजे म्हणतात." बदली कुठं, तर शहराबाहेरच्या कचरा डेपोवर. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमच्या एका स्वप्नाचं काम आहे, याय. पाडा की!"

आता हिलाही तेच सुचलं. मलाही सुचलं होतंच, मी काही त्यांच्यापेक्षा साधी नाही. आठ दिवस तेच घोळवलं. बाई आली, पांढऱ्या कपड्यांत आली, म्हणाली, मला गुदमरतंय, सोडवा. झालं! लोक रांगेनं कापडं सोडवतील, तू फांद्या उतरवशील, उत्सव दुसऱ्या झाडाखाली होईल, मी पुन्हा रिक्षात बसून मिरवेन.

पण मग उद्या तुला तळ्यातला गाळ काढायचा असेल, तर कुणी स्वप्न पाडायचं? परवा त्या फुगेवाल्यांना मुळांवरून हलवायचं असेल तर? तू सहा वर्षं शिकलीस आणि अधिकार चालवायचा तो माझ्या झोपेच्या जोरावर? मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मी पुरून पुरून किती पुरणार? आणि ती लामदुआन. बाई बोलते, असं एकदा पुन्हा म्हटलं की बाईनंच तिचा खांदा मोडला, हेही पक्कं होतं. ती जन्मभर कालच्या हारांची माफी मागत बसेल.

म्हणून सनेहला म्हटलं, आज एकही शब्द गाळायचा नाही. आमचं जे बोलणं झालं तेही लिही.

"लिही. स्वप्न पडलं नव्हतं."

"म्हणजे नीट आठवत नाही?"

"चांगलं आठवतं. पडलंच नव्हतं."

"पण हिरवे कपडे, ओले केस..."

"हिरवं माझ्या पंच्यावरून सुचलं. तोच खांद्यावर होता, तोच झाडाला बांधला. आणि ओले केस काय, सगळ्याच भुतांचे असतात."

"रेशमी शेला होता म्हणतात."

"चौकड्यांचा पंचा होता. घाम पुसायचा."

त्यानं पेन टेबलावर ठेवलं. "माझी बायको बरी झाली, याय."

"झाली."

"डॉक्टरनं घरी पाठवलं होतं तिला. मरायला पाठवलं होतं."

"मला ठाऊक आहे."

"मग ती कुणी बरी केली?"

मला नाही ठाऊक, तॅन. मी त्याला तेच सांगितलं. मी फक्त माझ्या खोट्याचं बोलू शकते, त्याच्या खऱ्याचं नाही. त्यानं पेन उचललं आहे. लिहितो आहे.

तर ऐक. अकरा वर्षांपूर्वी ताक्यान तोडून तिथं गाड्या लावायची जागा करणार होते. लोक म्हणतात, सिनुआननं झाडासाठी केलं. तूही शाळेत तोच निबंध लिहिलास, बक्षीस आणलंस, आणि त्याच नादात पुढं झाडांचं शिकायला गेलीस. पोरी, मी सावलीसाठी केलं. दुपारी दीडला मी तिथं डबा उघडायची. भात, मिरचीची चटणी, तळलेला बांगडा. पाय पसरून अर्धा तास. दिवसभरात तेवढाच माझा. झाड गेलं असतं तर मी बसले कुठं असते, मुतारीच्या मागं?

आणि मी आधी खरंच सांगून पाहिलं होतं. तीनदा कचेरीत गेले. म्हटलं, साहेब, तेवढ्या एका झाडाखाली आम्ही सगळ्या झाडूवाल्या जेवतो. पहिल्यांदा म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, लेखी आणा. तिसऱ्यांदा शिपायानंच अडवलं. मग करवतवाले आले त्या सकाळी माझ्या तोंडून निघून गेलं, "काल बाई आली होती स्वप्नात." करवतवाल्यांनी करवती खाली ठेवल्या आणि हात जोडले. साहेब स्वतः जिना उतरून आले. झाडूवालीचं कुणी ऐकत नाही गं, जखिणीचं सगळे ऐकतात. त्याची मला चटक लागली. नंतर नगरपालिकेनं मानपत्र दिलं, तेही सिनुआनचं सिनोन करून. नोन म्हणजे झोप, झोपाळू सिनोन! स्वप्नवालीला शोभलं. अजून भिंतीवर आहे.

झाड मी वाचवलं आणि झाड मीच मारलं. कापडात पाणी मुरलं, लोकांनी लॉटरीचे आकडे शोधायला पावडर चोळून चोळून साल सोलली, मुळांवर नवसाचं लाल सरबत ओतलं. तू हे पहिल्याच दिवशी सांगत होतीस. मी ऐकू येत नाही असं दाखवलं.

नऊ तारखेला झाडापाशी सभा आहे. मी येते. मला रिक्षा नको, चालत येईन.

याय

(सर्व लिहिले आहे. काही गाळले नाही. गाळावेसे वाटले होते. चहा घेतला नाही. — सनेह)

१० जुलै २५६६

तॅन,

तू काल तिथंच होतीस, पण ट्रकपाशी, मागं. आम्हाला पुढं कसं दिसलं ते सांगते. सनेह लिहितो आहे. दहा दिवस घराकडं फिरकला नव्हता, आज आला.

तू माइकवर एवढंच म्हणालीस, "मी सही करणार नाही. हे झाड पडेल." आणि लोक ओरडायला लागले. मग मी उभी राहिले. लोक गप्प झाले, त्यांना वाटलं, आता बाई बोलणार. मी म्हटलं, "मला कधीच स्वप्न पडलं नव्हतं. मी खोटं बोलले होते."

मला वाटलं होतं दगड मारतील. तशी तयारी करून डोक्याला फडकं बांधून गेले होते. कुणी मारला नाही. मागून एक बाई म्हणाली, "नातीची नोकरी वाचवायला म्हातारी खोटं बोलतेय." दुसरा म्हणाला, "छे छे, बाई रुसली आहे, तीच यायच्या तोंडून बोलतेय." तिसऱ्यानं हात जोडून मला विचारलं, कुठला आकडा? अकरा वर्षं खोटं विकलं ते हातोहात गेलं. खरं घेऊन बसले, तर गिऱ्हाईक नाही.

मी खाली बसणार होते. तेवढ्यात हा सनेह उठला. कुणाला न विचारता त्यानं माइक काढून घेतला आणि शेजारच्या चिंचेच्या खोडाला लावला. माझ्याकडं बघून म्हणाला, "ठोका."

मी दांडा मारला. भोंग्यातून साऱ्या बागेत आवाज गेला. टक.

मग तो ताक्यानपाशी गेला, गुडघ्यावर बसला, कापडाच्या खाली मुळाशी माइक धरला. मी ठोकलं.

ढब.

रिकाम्या रांजणासारखा आवाज, तॅन. इतका मोठा मीही कधी ऐकला नव्हता. पुन्हा ठोकलं. ढब. आतून काहीतरी भुरभुर खाली पडल्याचंही ऐकू आलं. मुळावर एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती. ती पोराला उचलून उठली, चार पावलं मागं गेली. तिच्यामागं दुसरी. घेर नुसता मोठा होत गेला.

मग त्या हात जोडणाऱ्यानंच विचारलं, "आता कापडं कोण काढणार?" तुझी माणसं पुढं झाली, तेव्हा तो म्हणाला, "नाही. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. नाहीतर शाप लागतो." मी म्हणणार होते, अरे, आता कुणाचा शाप? पण तू ट्रकपासून ओरडलीस, "चालेल! एकेकजण या, पिवळ्या टोप्या घाला, फांद्यांखाली थांबू नका!" तेव्हा मला कळलं, तू माझ्यापेक्षा शहाणी आहेस.

उलटी रांग लागली. परवा बांधणारा पहिला, अकरा वर्षांपूर्वीची मी शेवटची. तुझ्या टोप्या घालून लोक आपापली कापडं सोडवत होते, दिसेल त्या रंगावरून भांडत होते. "हे माझं, तुझं जांभळं होतं!" सनेहचं पिवळं रेशीम बरंच आत निघालं. त्यानं ते घडी करून खिशात ठेवलं. मी बघितलं नाही असं केलं.

ऊन कलल्यावर माझी पाळी आली. पंचा काळा पडला होता. ओढला तर सालीसकट हातात आला. आतलं लाकूड चहात बुडवलेल्या पावासारखं. माझा हात मनगटापर्यंत आत गेला.

तू जवळ आलीस. म्हणालीस, "आजीबाई, मागं सरका." याय नाही म्हणालीस. आजीबाई. परक्या बाईला म्हणतात तसं. मी सरकले.

२१ जुलै २५६६

तॅन,

करवतीचा आवाज घरापर्यंत आला. दोन दिवस चालला. मी गेले नाही. काल, वीस तारखेला, उत्सव व्हायचा त्या दिवशी सनेहबरोबर गेले. तिथं आता नुसतं आभाळ आहे. बुंधा तू कंबरेएवढा ठेवला आहेस, भोवती कुंपण घातलं आहेस. मार्चमधल्याच तारा. ओळखल्या मी. लामदुआन एका हातानं चिंचेखाली टेबल मांडत होती. मला म्हणाली, "याय, म्हणजे तिचा राग नव्हता ना?" मी म्हटलं, "पोकळ झाडाला राग कुठला!" ती हसली. मग म्हणाली, "आज ताजेच आहेत."

चष्मेवाली भेटली. बदलीचा हुकूम निघाला म्हणाली. एक ऑगस्टपासून कचरा डेपो. म्हणजे अध्यक्षांचे दोन्ही कागद सोडून तू सही केलीस ती झाड तोडायच्या कागदावर. मला वाटलं होतं खरं बोललं की तुझी नोकरी वाचेल. तेही एक स्वप्नच.

कुंपणाला पाटी लावली आहेस. मी म्हटलं, सनेह, वाच. त्यानं चष्मा पुसला आणि वाचलं. झाडाचं नाव. अंदाजे वय. तोडण्याचं कारण. मग थांबला.

"पुढं वाच की."

"'सदर झाड पोकळ असल्याची माहिती या उद्यानाच्या सफाई कामगार श्रीमती सिनुआन यांनी अर्जाद्वारे दिली. आवक क्रमांक ९४.'"

"कुठला अर्ज? मी कुठं अर्ज केला?"

"सतरा जूनचं पत्र, याय. त्यात तुम्ही सांगितलं होतं. शिक्का बसला होता ना."

"त्यात ८७ची लॉटरीसुद्धा आहे."

"तीही सरकारी कागदांत गेली."

मी विचारलं, "सिनुआन लिहिलंय की सिनोन?"

"सिनुआन."

"बोट ठेवून दाखव."

त्यानं कुंपणातून हात घालून पाटीवर बोट ठेवलं. मी शेजारी अंगठा धरून मापलं. माझं नाव माझ्या अंगठ्याएवढं आहे. आजवर सगळीकडं अंगठाच उठवत आले, मापाला बरोबरच होता म्हणायचा.

मानपत्र भिंतीवरून उतरवलं आहे. खिळा रिकामा आहे. पाटी काढतील तेव्हा मला आणून दे, मागायला आवक नंबर लागत असेल तर हे पत्रच अर्ज धर.

डेपोवर सावली नसेल. एक तारखेला दीड वाजता मी छत्री घेऊन येते. बांगडा तळून आणते, दोघींपुरता. तू बोलली नाहीस तरी चालेल. पण मला आजीबाई म्हणालीस तर दोन्ही मासे मी खाईन.

आशीर्वाद शेवटी देईन म्हटलं होतं. हा घे.

याय

(याय सिनुआन यांनी खाली अंगठा उठवला आहे. गरज नाही असे मी म्हणालो होतो. — सनेह)